रिकाम्या महिरपी कंसांची कुळकथा

अँड्रॉइड ॲपमध्ये सर्व्हरकडून आलेलं जेसन वाचताना जीसन या लायब्ररीला ‘यातून ग्राहकांची यादी काढ’ असं सांगायचं, तर टाइपटोकन लिहून पुढे महिरपी कंसांची रिकामी जोडी द्यावी लागते. आत काहीच नाही म्हणून ती खोडली, तर कोड कंपाइल होत नाही.

याचं मूळ 1990च्या दशकात आहे. मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॅडलर यांनी जावावर बेतलेली पिझ्झा ही भाषा रचली. त्यातून 1998मध्ये गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटामायर यांच्यासह जीजे आली, आणि 2004च्या जावा 5मध्ये, यादी कशाची आहे हे टाइपमध्येच सांगू देणारे जेनेरिक्स अवतरले. तोवर जावाचा अफाट कोड वापरात होता. तो मोडून चालणार नव्हतं. म्हणून असं ठरलं, की कंपाइलरने टाइप तपासावा आणि मग पुसून टाकावा. माझ्या मते निर्णय रास्तच होता, पण त्याची किंमत मोठी. जीसनकडे नुसती यादी मागा. तो विनातक्रार प्रत्येक ग्राहकाच्या जागी लिंक्डट्रीमॅप भरून देतो. पुढे कुठल्याशा स्क्रीनवर ग्राहकाचं नाव काढायला जावं, तर क्लासकास्टएक्सेप्शन! चूक एकीकडे, ॲप कोसळतं भलतीकडे.

सुदैवाने सगळंच पुसलं जात नव्हतं. एखादा क्लास कुठल्या जेनेरिक क्लासपासून निघाला, हे इतर कोड कंपाइल करताना लागतं. म्हणून क्लास फाइलमध्ये ‘सिग्नेचर’ नावाने त्याची नोंद राहते. सन या कंपनीत जावाच्या कंपाइलरवर काम केलेल्या नील गॅफ्टर यांनी 2006मध्ये या नोंदीचा उपयोग दाखवून दिला. कंस लिहिताच तिथल्या तिथे एक बिननावाचा सबक्लास तयार होतो, आणि त्याच्या नोंदीत ‘ग्राहकांची यादी’ शाबूत असते. गेटजेनेरिकसुपरक्लास विचारलं, की ती हाती येते. किती साधी आणि देखणी युक्ती! जॅक्सन आणि ज्यूस या लायब्ररींमधले अनुक्रमे टाइपरेफरन्स आणि टाइपलिटरल हे तिचेच भाऊबंद.

मोबाइलवर मात्र आणखी एक विघ्न आहे. ॲप लहान करताना आर8 हा कंपाइलर सिग्नेचरची ही नोंदच छाटू शकतो. मग डीबग बिल्ड सुरळीत चालते आणि रिलीज कोसळते. सिग्नेचर राखण्याचा नियम त्यासाठीच लिहितात.

2016मध्ये आलेल्या कॉटलिन 1.0ने ‘रीइफाइड’ दिलं. इनलाइन फंक्शनचा मजकूर जिथून बोलावलं तिथेच उतरतो, त्यामुळे खरा टाइप तिथे थेट भरता येतो. क्लासच्या टाइप पॅरामीटरला मात्र ही सोय नाही. जेनेरिक रिपॉझिटरी लिहिणारा आजही टाइप कन्स्ट्रक्टरमधून हाताने आत देतो.