गावकूस, फाटा आणि प्रगतीची मोजपट्टी

देशाने किती प्रगती केली हे मोजायचे कसे, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्रज्ञांचा आणि सांख्यिकी खात्याचा वाटतो. आपल्या चळवळीत त्याची चर्चा फारशी होत नाही. अत्याचार, राखीव जागा, जमीन, शिष्यवृत्ती यांवर आपण बोलतो. आकडेवारी आली की ती तज्ज्ञांच्या हवाली करतो. परंतु कोणती गोष्ट मोजायची आणि कोणती सोडायची हे ठरविणे ही सत्ता आहे, आणि ती सत्ता आपल्या हाती कधीच नव्हती. म्हणून हा विषय आपला आहे.

२०१५ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतले नववे उद्दिष्ट उद्योग, नवनिर्मिती आणि पायाभूत सुविधांचे. त्याच्या शब्दांत खोट काढता येणार नाही. सुविधा सर्वांना परवडाव्यात, सर्वांना त्या समन्यायाने मिळाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण शब्दांवरून मोजमापाकडे आले की हा समन्याय झिरपून जातो. उरते ते असे: बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकांचे प्रमाण, प्रवासी आणि मालवाहतुकीचे आकारमान, एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा, संशोधनावरील खर्च, दर दहा लाखांमागे संशोधक. आपल्याकडे नीती आयोगाने २०१८ पासून राज्यांना असे गुण द्यायला सुरुवात केली. सर्व उद्दिष्टे मिळून देशाचे गुण २०१८ मध्ये ५७ होते, ते २०२३-२४ मध्ये ७१ झाले. गुण वाढले याचा आनंदच आहे. पेपर कोणी काढला, एवढेच विचारायचे आहे.

मोजणीशी आपला संबंध आजचा नाही. गावगाड्यात शिवेचा जाणकार महार होता. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला तर महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणता दगड कोठला, ओढ्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे त्याला पाठ. साऱ्याची रक्कम ठाण्यावर पोहोचवायची, वाटाड्या म्हणून पुढे चालायचे, साहेबाचे सामान वाहायचे, सांगावा घेऊन धावायचे, हीही कामे त्याचीच. म्हणजे त्या काळचे टपाल आणि वाहतूक या दोन्ही पायाभूत सुविधा त्याच्या पायांवर चालत होत्या. ज्याला गावाची हद्द ठाऊक होती त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. या वतनी वेठीतून माणूस सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला १९५८ चे साल उजाडावे लागले.

आता आजच्या मोजपट्टीकडे पाहा. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेड्यांत रस्ते नेले, ते आपल्या माणसांच्याही उपयोगी पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या नियमांत एक बारीक कलम आहे. सपाटीच्या मुलखात ५०० मीटरच्या परिघातील वस्त्या लोकसंख्येसाठी एकत्र धरायच्या. आणि पक्क्या रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून निदान ५०० मीटर दूर असेल तीच वस्ती ‘न जोडलेली’ मानायची. आपली वस्ती गावापासून किती दूर असते? दोनशे पावले, तीनशे पावले. मध्ये ओढा असेल, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असेल, वाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल आणि तो बांध केव्हाही अडविला जात असेल. कागदावर ती वस्ती जोडलेली आहे! कलम करणाऱ्याच्या मनात जात होती असे मी म्हणत नाही. त्याच्या मनात जात नव्हती, हीच तर अडचण आहे. त्याने गावठाणात उभे राहून परीघ आखला, आणि ज्या अंतरावर आपल्याला शतकानुशतके ठेवले नेमके तेच अंतर मोजणीत शून्य झाले. महाराष्ट्र शासनाला दलित वस्ती सुधारण्यासाठी वेगळी योजना चालवावी लागते. गावापर्यंत आलेला रस्ता, दिवा आणि नळ आपोआप वस्तीपर्यंत जात नाही, याचा याहून सरकारी पुरावा कोणता?

पण हा प्रश्न खेड्यापुरता आहे असे समजून शहरातल्या वाचकाने सुटका करून घेऊ नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्या मधले शीळफाटा हे ठिकाण घ्या. मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणकडून येणारा रस्ता येथे मिळतात. कंटेनरच्या रांगा, गोदामे, भंगाराची दुकाने, उंच संकुले आणि त्यांच्या सावलीतल्या चाळी, असा हा सगळा मुलूख आहे. बारवी धरणाचे पाणी औद्योगिक महामंडळाच्या नळांतून कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने वाहते. त्या धरणासाठी मुरबाडकडची गावे उठली, आणि नळाच्या आसपासच्या वस्त्या टँकरची वाट पाहत आल्या. येथला माणूस रस्त्यापासून दोन किलोमीटरवर राहत नाही, दोन हातांवर राहतो. मालवाहतुकीचे आकारमान मोजाल तर शीळफाट्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

या पट्ट्याला सुविधांचा इतिहास आहे, आणि तो अभिमानाने सांगितला जातो. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली, १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला. कल्याणच्या पुढे भोर घाटाचे काम १८५६ ते १८६३ पर्यंत चालले. १८६१ च्या सुमारास तेथे ४० हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी राबत होते. सुरुंग, दरड, पटकी आणि ताप यांनी किती मेले? अंदाज २५ हजारांपर्यंत जातात. त्याच कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला. त्याची नोंद आहे, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुरा करवून घेतला याचीही आहे. ती बाई कर्तबगार होती यात शंका नाही. पण ठेकेदाराचे मरण नावानिशी आणि मजुराचे मरण अंदाजाने, हा रिवाज तेव्हापासूनचा आहे.

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली एक इमारत कोसळली. बांधकाम बिनपरवाना होते, वरचे मजले अजून चढत होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आली होती. ७४ माणसे मेली. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, बाया होत्या, मुले होती. पुढे बांधकाम करणाऱ्यांबरोबर महापालिकेतल्या आणि पोलीस खात्यातल्या माणसांनाही अटक झाली. लोक तेथे का राहत होते? १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून मोठ्या संख्येने मुसलमान कुटुंबे मुंब्र्याच्या आश्रयाला आली. परप्रांतातून मजूर आले, मराठवाड्यातून आणि विदर्भातून आपली माणसे आली. शहराला त्यांचे हात हवे होते, त्यांच्यासाठी घर बांधायचे नव्हते. ती पोकळी ज्याने भरली त्याने माती आणि वाळू यांवरही नफा काढला.

या घटनेचे देशाच्या प्रगतीच्या हिशेबात काय झाले? त्या इमारतीत गेलेले सिमेंट आणि लोखंड कारखान्यात तयार झाले तेव्हाच कारखानदारीच्या उत्पन्नात जमा झाले होते. इमारत पडली म्हणून ते वजा होत नाही. ढिगारा उपसणाऱ्या यंत्रांचे भाडेही राष्ट्रीय उत्पन्नातच मिळते. कामगारांच्या अपघातांची मोजणी आठव्या उद्दिष्टाखाली आहे असे कोणी सांगेल, आणि ते खरे आहे. पण ज्या मजुराची नोंद हजेरीपटावर नाही तो अपघाताच्या तक्त्यात तरी कसा येणार? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीची गोष्ट वेगळी नाही. मे २०१६ मध्ये तेथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला, दोन्ही वेळा माणसे मेली. मधल्या आठ वर्षांत त्या वसाहतीतून निघालेला माल मात्र रुपयापर्यंत मोजला गेला.

आणि आता नवनिर्मिती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघतो आणि शीळफाट्याला उजेडात येतो. त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. घणसोली आणि शीळफाटा यांच्यामधला ४.८८ किलोमीटरचा तुकडा २०२५ च्या सप्टेंबरात आरपार झाला. खाडीखालून वाट काढणे हा माणसाच्या बुद्धीचा पराक्रमच आहे, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण याच टापूत, डोंबिवलीच्या खंबाळपाड्यात, ऑक्टोबर २०१८ मध्ये गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. खाडीच्या तळाखाली हवा खेळती ठेवणारे तंत्र ज्या देशापाशी आहे, त्याला वीस फूट खोल गटारात हवा नेता येत नाही? येते. पण गटारात उतरणारा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, आणि तो स्वस्त का पडतो हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसून जातिव्यवस्थेत आहे. केंद्र शासनाने ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली, त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले.

यावर आपल्यातले काही मित्र म्हणतात की हा विकासच नको. ही भूमिका मला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीच्या प्रश्नावर लिहिताना शेतीवरचा जादा माणूस उद्योगात नेणे हाच उपाय सांगितला होता. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी दामोदर खोरे, वीज आणि जलमार्ग यांच्या नियोजनाचा पाया घातला. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाशी वाद घालताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली: दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे. चवदार तळे तरी काय होते? नगरपालिकेची सार्वजनिक सुविधाच. महाडचे तळे आपल्याला खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच झाला होता. कागदावर तळे खुले होते. १९२७ साली हजारो माणसे चालत गेली तेव्हा कागद आणि पाणी यांतले अंतर जगाला दिसले.

हे अंतर मोजण्याचे काम आपल्याच माणसांनी एकदा करून दाखविले आहे. हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने बंद झाली होती. सफाई कर्मचारी आंदोलन २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा राज्याराज्यांनी शपथपत्रे दिली की आमच्याकडे असे काम चालतच नाही. कार्यकर्ते कॅमेरे घेऊन वस्त्यांत गेले. संडास कोठे आहे, साफ कोण करते, हे लिहून आणि छायाचित्रे लावून त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. २०११ च्या जनगणनेत माणसाकडून साफ होणारे संडास ७ लाख ९४ हजार निघाले. २०१४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. तरीही हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू नाही, मृत्यू आहेत ते ‘धोकादायक सफाई’मुळे, असे उत्तर सरकारतर्फे संसदेत एकाहून अधिक वेळा देण्यात आले. शब्द बदलला की रकान्यात शून्य येते.

महाविद्यालयातल्या मुलांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी एक सुट्टी शीळफाट्याला द्यावी. चाळीतून नळापर्यंतची पावले मोजावीत, किती घरांना बांधकामाचा परवाना आहे ते विचारावे, भंगाराच्या गोदामात हातमोजे कितीजणांना मिळतात ते लिहावे, गटारात उतरणाऱ्याची जात आणि मजुरी टिपावी. गावाकडच्या कार्यकर्त्यांनी गावठाणापासून वस्तीपर्यंतचे अंतर टेप लावून मोजावे आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात घालायला लावावे. पाचशे मीटरच्या आतले असेल तरीही.