बीबीसीने स्वतःचा व्हिडिओ कोडेक का बनवला? ओपन सोर्स आणि ओपन फॉरमॅटची सोपी ओळख



मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आत्याने एक जुना पेन ड्राइव्ह हातात ठेवला आणि म्हणाली, "यात तुझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. फोनवर वाजतच नाहीत. तू इंजिनिअर ना, बघ जरा."

फाइल्स शाबूत होत्या. पण ज्या डिजिटल रेकॉर्डरवर त्या रेकॉर्ड केल्या होत्या, त्याचा स्वतःचा खास फॉरमॅट होता. तो उघडणारं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं आणि नंतर ते बंदच झालं. आजी आता नाही. तिचा आवाज आहे, पण ऐकता येत नाही! शेवटी तालुक्याच्या एका फोटो स्टुडिओत धूळ खात पडलेला कॉम्प्युटर सापडला आणि काम झालं.

एका घराची ही गत, तर अख्ख्या देशाचे आवाज आणि चित्रं सांभाळणाऱ्या सरकारी किंवा सार्वजनिक वाहिनीने काय करायचं? यासाठी ब्रिटनच्या बीबीसीचं उदाहरण बघू. तिथे टीव्ही बघणारी घरं दरवर्षी लायसन्स फी भरतात आणि बीबीसी मुख्यतः त्या पैशावर चालते. म्हणजे कार्यक्रमांचे पैसे लोकांनीच दिलेले असतात.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. व्हीएलसी प्लेअर हे तुमच्या ओळखीचं उदाहरण.

ओपन फॉरमॅट म्हणजे फाइल कशी लिहायची याचे नियम सगळ्यांसाठी जाहीर असतात आणि ते वापरायला कोणाला फी द्यावी लागत नाही.

मोडी लिपीचं बघा. आज मोडी वाचणारे कमी आहेत, पण लिपीचे नियम सगळ्यांना उपलब्ध आहेत. त्यामुळे कोणीही शिकून शिवकाळातला कागद वाचू शकतो. तेच एखाद्याने स्वतःच्या सांकेतिक भाषेत लिहून ठेवलं आणि खूण कोणालाच सांगितली नाही, तर त्याच्यामागे तो कागद नुसता कागदच. आजीच्या फाइल्सचं तसंच झालं होतं.

१९८६ चा धडा

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने जमीनजुमल्याची मोठी नोंदवही करून घेतली होती, तिला डोम्सडे बुक म्हणतात. तिला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवं, डिजिटल डोम्सडे बनवलं. शाळेतल्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले.

हे सगळं खास प्रकारच्या लेझर डिस्कवर भरलं. ती चालवायला ठरावीक कॉम्प्युटर आणि ठरावीक प्लेअर लागायचा. पंधरा वर्षांत ही यंत्रं इतकी दुर्मीळ झाली की डिस्क वाचणंच अवघड झालं. १०८६ ची वही मात्र आजही वाचता येते!

इथे कोणी मुद्दाम कुलूप लावलं नव्हतं, पण सगळी माहिती एकाच यंत्रावर अवलंबून होती. पुढे लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी इम्युलेटर बनवून ती वाचवली. तुम्ही फोनवर जुने व्हिडिओ गेम खेळता ना, तीच युक्ती. २०११ मध्ये बीबीसीने त्यातली गावोगावची माहिती इंटरनेटवर ठेवली.

डिरॅक: बीबीसीचा स्वतःचा कोडेक

फुल एचडी व्हिडिओ जसाच्या तसा साठवला, तर दर सेकंदाला २५ फ्रेम धरून एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी लागतात. तुमचा दिवसाचा डेटा पंधरा सेकंदांच्या आत संपेल. म्हणून व्हिडिओची घट्ट घडी घालावी लागते. घडी घालण्याची आणि उलगडण्याची पद्धत म्हणजे कोडेक.

एच.२६४ हा कोडेक सगळीकडे चालतो. त्याचे नियम जाहीर आहेत, पण त्यावर अनेक कंपन्यांची पेटंट होती आणि वापरासाठी परवाना घ्यावा लागायचा. इंटरनेटवरून लाखो लोकांना व्हिडिओ पाठवायचा असेल, तर ही अट बोचणारच.

बीबीसीच्या संशोधन विभागाने २००४ मध्ये डिरॅक नावाचा कोडेक जाहीर केला. त्याचा कोड खुला होता आणि वापरायला फी नव्हती. पॉल डिरॅक या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञावरून हे नाव दिलं. त्याच कोडेकच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव श्रोडिंगर. या दोन शास्त्रज्ञांना १९३३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं!

मग आयप्लेअरचं काय झालं?

इथे गोष्ट थोडी कडू आहे. २००७ च्या जुलैमध्ये बीबीसीने आयप्लेअरची चाचणी आवृत्ती आणली. तिच्यातले डाउनलोड फक्त विंडोज एक्सपीवर चालायचे आणि त्यांना मायक्रोसॉफ्टचं डिजिटल कुलूप होतं. मॅक आणि लिनक्सवाले चिडले. फी आम्हीही भरतो, मग आम्हाला का नाही? हजारो लोकांनी सरकारकडे अर्ज केला. वर्ष संपायच्या आत इतर कॉम्प्युटरवरही बघता येणारं स्ट्रीमिंग सुरू झालं.

डिरॅक मात्र प्रेक्षकांच्या फोनपर्यंत पोचला नाही. फोनच्या चिप्समध्ये एच.२६४ आधीच बसला होता. पण डिरॅक वाया गेला नाही. त्याचं स्टुडिओसाठीचं रूप, डिरॅक प्रो, बीबीसीने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची एचडी चित्रं पाठवायला वापरलं. पुढे ते व्हीसी-२ नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं.

आणि खरी गंमत पुढे आहे. एफएफएमपेग या मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये डिरॅक वाचायची सोय आजही आहे. कोडेक मागे पडला, तरी त्यातली फाइल उघडते. ओपन फॉरमॅटचा फायदा हाच!

बीबीसी एकटी नाही

टीव्हीवर बोलणाऱ्याच्या नावाची खालची पट्टी दिसते ना? ती दाखवायला स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने कॅस्परसीजी हे सॉफ्टवेअर बनवलं. २००६ पासून ते प्रत्यक्ष प्रसारणात आहे आणि २००८ मध्ये त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. लोकांच्या पैशातून बनलेलं साधन आता दुसऱ्या वाहिन्याही वापरू शकतात.

याचा अर्थ या वाहिन्या सगळंच खुलं ठेवतात असं नाही. कार्यक्रमांचे हक्क अनेकदा निर्मात्यांकडे, खेळांच्या संघटनांकडे असतात. त्यामुळे आयप्लेअरच्या डाउनलोडवर आजही कुलूप असतं.

तुम्ही काय करू शकता?

- घरातल्या जुन्या रेकॉर्डिंगच्या फाइल्स आजच उघडून बघा. उघडत नसतील तर व्हीएलसीमध्ये करून बघा.
- उघडली की आवाजासाठी फ्लॅक या ओपन फॉरमॅटमध्ये एक प्रत काढा. यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही.
- मूळ फाइल डिलीट करू नका.
- व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोट्स ओपस या ओपन फॉरमॅटमध्ये असतात. आजोबांची एखादी नोट आवडली तर ती चॅटमध्येच न ठेवता वेगळी सेव्ह करा.

आजीच्या ओव्या मी फ्लॅकमध्ये करून आत्याला पाठवल्या. तिने फोन केला, पण बराच वेळ काही बोललीच नाही. मागे ओव्या चालू होत्या.