गाठ फोडण्यापूर्वी : लेन्स आणि कॅमेरा यांच्यातील विसंवादाचा इतिहास

कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य सामान्यतः अकराव्या शतकातले मानले जाते. त्यात तेरापूरजवळच्या एका लेण्याची कथा आहे. राजा करकंडाला तिथे पार्श्वनाथांच्या मूर्तीवर एक गाठ दिसते. ती विद्रूप वाटते म्हणून काढून टाकावी, असे त्याच्या मनात येते. ही गाठ मुद्दाम ठेवलेली आहे, तिच्यामागे पाण्याचा झरा अडवलेला आहे, असे जाणता शिल्पकार सांगतो. तरीही गाठ फोडली जाते आणि लेण्यात पाणी भरते. हीरालाल जैन यांनी १९३४ साली हे काव्य संपादून प्रसिद्ध केले आणि त्यातील तेरापूरचा व लेण्यांचा संबंध तेर आणि धाराशिव लेण्यांशी जोडून दाखवला. दोष दिसताच छिन्नी उचलणाऱ्याची ही कथा एका अगदी आधुनिक अडचणीपाशी आम्हांला वारंवार आठवते. ती अडचण म्हणजे जुना डिजिटल कॅमेरा आणि त्याची लेन्स यांच्यातील तुटलेला संवाद.

जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६च्या हंगामात निजामाच्या मुलुखातील या भागाची पाहणी केली आणि १८७८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या काळच्या कॅमेऱ्यात लेन्सला बोलता येत नव्हते. झाकण काढणे, क्षण मोजणे आणि झाकण पुन्हा लावणे हे सारे माणसाचे हात करीत. दोष असे तो काचेत, रसायनात किंवा हातात. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात गैरसमज होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्यात समजच नव्हता.

पुढे दोहोंत सांधे आले. निकॉनने १९५९ साली आणलेल्या ‘एफ’ जोडणीत छिद्राची माहिती कॅमेऱ्याकडे जाई ती धातूच्या खुणेने आणि दांडीने. ही खुणांची भाषा होती. ती झिजली तर डोळ्यांना दिसे. १९८५च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने स्वयंचलित केंद्रीकरण सर्वसामान्यांपर्यंत नेले. मोटार कॅमेऱ्यात होती आणि लेन्सला ती एका छोट्या दांड्याने फिरवी. कॅननने १९८७ साली ‘ईएफ’ जोडणी आणताना यांत्रिक सांधे पूर्णपणे सोडले. मोटार लेन्समध्ये गेली, छिद्र आवळण्याची आज्ञाही विजेने जाऊ लागली आणि दोहोंमध्ये उरली ती केवळ सोनेरी संपर्कबिंदूंची एक ओळ. त्याच वेळी जुन्या ‘एफडी’ लेन्स नव्या कॅमेऱ्यांना परक्या झाल्या. निकॉनने जोडणीचा आकार राखला, पण भाषा तिथेही बदलत गेली. २००४च्या डी ७० मध्ये केंद्रीकरणाची मोटार होती. २००६च्या डी ४० मध्ये ती नव्हती. त्यामुळे तीच लेन्स एका कॅमेऱ्यावर स्वतः केंद्र साधी आणि दुसऱ्यावर हाताने फिरवावी लागे. अशा लेन्समध्ये बिघाड शोधणे व्यर्थ आहे. तो पिढ्यांमधला फरक आहे.

संवाद विजेचा झाला तेव्हा दोष अदृश्य झाला आणि त्याला नावे द्यावी लागली. कॅननच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत ‘एरर ९९’ उमटे. या आकड्याचा अर्थ एवढाच की यादीत नसलेला दुसरा काहीतरी दोष आहे. ‘एरर ०१’ मात्र लेन्सशी होणाऱ्या संवादाविषयी बोलते, आणि नंतरच्या मॉडेलांत संपर्कबिंदू पुसा असे पूर्ण वाक्यच पडद्यावर येऊ लागले. निकॉनमध्ये छिद्राच्या आकड्याच्या जागी ‘एफ’ आणि दोन आडव्या रेघा दिसल्या, तर कॅमेऱ्याला लेन्स ओळखता आलेली नसते. ‘एफईई’ दिसले तर मात्र काही मोडलेले नसते. छिद्राचे कडे सर्वांत लहान छिद्राच्या आकड्यावर नेऊन अडकवायचे राहिलेले असते.

साहित्याच्या अभ्यासकाला या संदेशांचे वाचन अवघड जाऊ नये. पाठचिकित्सेत एकच पोथी हाती घेऊन आपण अपपाठ ठरवीत नाही. दुसरी पोथी शेजारी ठेवतो. इथेही तेच करावे. संशयित लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावावी आणि दुसरी लेन्स या कॅमेऱ्यावर. दोष ज्याच्या मागे जातो, तो त्याचा. त्याआधी कॅमेरा बंद करून बॅटरी काढावी, ती पूर्ण भरून घ्यावी, आणि लेन्स खट् असा आवाज येईपर्यंत फिरवून बसवावी. लेन्सवरचे संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ, मऊ कापडाने पुसावेत. पॉलिश कागदाने घासले तर सोन्याचा मुलामाच जातो. कॅमेऱ्याच्या बाजूच्या टाचण्या स्प्रिंगवर असतात. एखादी आत रुतलेली तर नाही, हे पाहावे, पण ती ओढू नये.

एवढ्याने भागले नाही तर पुढची परीक्षा छिद्राची. छिद्र पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र निघते आणि एफ ८ वर नेताच संदेश येतो, असे असेल तर संशय छिद्राच्या यंत्रणेवर किंवा तिच्याकडे जाणाऱ्या लवचिक पट्टीवर जातो. झूम लेन्स एका ठरावीक टप्प्यावरच गप्प होत असेल, तर वारंवार दुमडून ती पट्टी तिथे तडकलेली असण्याची शक्यता मोठी. लेन्स किंचित हलवताच संवाद जुळत-तुटत असेल, तर जोडणीचे स्क्रू सैल झालेले असू शकतात. आणखी एक शक्यता इतिहासातली आहे. सिग्मासारख्या इतर कंपन्यांच्या काही जुन्या लेन्स कॅननची भाषा बाहेरून ऐकून शिकल्या होत्या. नव्या डिजिटल कॅमेऱ्यांसमोर त्यांचे शब्द अपुरे पडले आणि ‘एरर ९९’ उमटले. अशा लेन्स कितीही पुसल्या तरी बोलत नाहीत. त्यांना आतली चिपच बदलून लागते.

हा खटाटोप कशासाठी? लेण्यातील काळोखात मूर्तीचा चेहरा आणि मागची भिंत दोन्ही स्पष्ट हवी असतील, तर छिद्र लहान करून दीर्घ काळ प्रकाश घ्यावा लागतो. म्हणजे जिथे आजारी लेन्स गप्प होते, नेमके तिथेच तिची गरज असते. तेरच्या त्रिविक्रम मंदिराची विटांची जुडाई असो वा नळदुर्गचा पाणीमहाल, या जिल्ह्याच्या नोंदी बहुधा महागड्या यंत्रांनी होत नाहीत. कपाटातल्या, वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांनी होतात. अशा कॅमेऱ्यांवर ‘निकामी’ ही चिठ्ठी फार लवकर लागते. आणि दृश्य थांबत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने सास्तूरसारख्या गावांतील दगडमातीची जुनी घरे काही क्षणांत नाहीशी केली. त्यांपैकी ज्यांचे छायाचित्र आधी निघाले नव्हते, त्यांचे ते आता निघणार नाही.

म्हणून पडद्यावरचा आकडा हा निकाल समजू नये. संवाद कुठे थांबला, एवढेच तो सांगतो. का थांबला, हे आपल्याला वाचावे लागते. करकंडाच्या शिल्पकाराला गाठीमागचे पाणी ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नसते, तेव्हा छिन्नी निदान थोडा वेळ बाजूला ठेवणे बरे.