हौशी धावपटूचा दीर्घपल्ल्याचा सराव : उगम आणि वाटचाल

प्रस्तावना

दीर्घपल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास मुख्यतः विजेत्यांची नावे आणि विक्रमांचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. शर्यत काही तासांची असते; तिच्यामागचा सराव मात्र महिनोन्‌महिन्यांचा, क्वचित वर्षानुवर्षांचा असतो. हा सराव ज्यांनी केला त्यांपैकी बहुसंख्यांचा चरितार्थ धावण्यावर चालत नव्हता. दिवसभराचे काम उरकून किंवा ते सुरू होण्यापूर्वी जो वेळ हाती लागेल, त्यात ही माणसे धावली. आज दमसास वाढविण्यासाठी जी पद्धत सर्वत्र मान्य झाली आहे, म्हणजे दमछाक होऊ न देता संथ गतीने दीर्घकाळ धावणे व त्या पायावर वेगाची इमारत उभारणे, ती मुळात याच माणसांच्या हातून घडली. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा तिच्यापर्यंत नंतर पोहोचल्या. प्रस्तुत लेखात या घडणीचा मागोवा घेतला आहे.

‘हौशी’ कोण?

मराठीत ‘हौशी’ हा शब्द प्रेमाने उच्चारला जातो. हौशी नाट्यसंस्था म्हटले की पदरमोड करून नाटक उभे करणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये ज्या ‘अमॅच्युअर’ संकल्पनेतून हा शब्द क्रीडाक्षेत्रात आला, तिचा मूळ स्वभाव मात्र इतका निरागस नव्हता. १८६६ साली लंडनच्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी खेळाडूची व्याख्या केली, तेव्हा पैशासाठी न खेळणे एवढी एकच अट घातली नव्हती. यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना त्या व्याख्येतून सरळ वगळले होते. अंगमेहनतीने पोट भरणारा मनुष्य कितीही निःस्वार्थ बुद्धीने धावला तरी तो हौशी ठरत नसे. १८८० साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनने ही वर्गवाचक अट काढून टाकली. पैशाची अट मात्र कायम राहिली, आणि तिचा भार अर्थातच ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांच्यावर अधिक पडला. खेळातून कमाई करायची नाही आणि पोटासाठी काम तर चुकत नाही, अशा अवस्थेत सरावाला वेळ कोठून आणावयाचा? दीर्घपल्ल्याच्या धावपटूपुढे हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो, कारण उडी मारणाऱ्याला किंवा शंभर मीटर धावणाऱ्याला सरावासाठी इतके तास लागत नाहीत.

असे असूनही मॅरेथॉनच्या प्रारंभीच्या विजेत्यांत कष्टकरी माणसेच ठळकपणे दिसतात. १८९६ साली अथेन्सची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारे स्पिरिदोन लुई हे पाणी वाहून नेण्याचे काम करीत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील विजेते, फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन, हे गवंडीकाम करणारे होते.

पुण्यातील अनवाणी धावपटू

अँटवर्पच्या त्याच शर्यतीत एक भारतीय धावपटू एकोणिसावा आला. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्यांच्या सहभागाची हकीकत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून सुरू होते. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मैदानी स्पर्धा १९१९ साली झाल्या, त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा उपस्थित होते. लांबच्या शर्यतीत उतरलेली मुले शेतावर राबणाऱ्या कुटुंबांतील होती. त्यांचे अन्न बेताचे, पाय अनवाणी, आणि आधुनिक पद्धतीच्या सरावाची त्यांना ओळखही नव्हती. तरीही त्यांनी नोंदविलेल्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीस येण्याजोग्या आहेत, हे इंग्लंडमध्ये शिकलेल्या दोराबजींच्या लक्षात आले. त्यांच्या पुढाकाराने व मुख्यतः त्यांच्याच आर्थिक साहाय्याने भारताचा छोटासा संघ अँटवर्पला गेला. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेली ती मॅरेथॉन ४२.७५ कि.मी.ची, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतरापेक्षा थोडी अधिकच होती. कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकली. चौगुले यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले.

या अठरा मिनिटांच्या अंतराकडे केवळ पराभव म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. याच संघात कुस्तीगीरही होते, आणि महाराष्ट्रात कुस्तीला तालमींची परंपरा होती. वस्ताद होते, खुराकाची शिस्त होती, कोल्हापूरसारख्या संस्थानात राजाश्रयही होता. मल्लाचा सराव हे समाजाने मानलेले काम होते. धावणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी काहीही आले नव्हते. त्याचा सराव म्हणजे त्याचे रोजचे जगणेच. तेवढ्या भांडवलावर जगातील पहिल्या वीस धावपटूंत स्थान मिळणे, ही घटना आपल्याकडे जेवढी अभ्यासली जावयास हवी तेवढी अभ्यासली गेलेली नाही.

न्यूटन यांचा प्रयोग

सरावाच्या पद्धतीत खरा पालट घडविणारी व्यक्ती या घटनेनंतर अवघ्या दीड वर्षात दक्षिण आफ्रिकेत धावू लागली. आर्थर न्यूटन हे जन्माने इंग्रज, व्यवसायाने नाताळ प्रांतातील शेतकरी. आपल्या शेताभोवतीचा प्रदेश शासनाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी ठरविल्यामुळे आपली जमीन मातीमोल झाली आणि नुकसानभरपाई मिळाली नाही, अशी त्यांची तक्रार होती. नामांकित खेळाडूचे म्हणणे लोक ऐकतात, असा विचार करून त्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९२२ रोजी, सराव सुरू केला. उद्दिष्ट होते पीटरमारित्झबर्ग आणि डर्बन या शहरांमधील सुमारे ५४ मैलांची ‘कॉम्रेड्स’ शर्यत. पहिल्या महायुद्धातील मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली होती. पाच महिन्यांनी, २४ मे १९२२ रोजी, न्यूटन यांनी ती जिंकली. पुढे आणखी चार वेळा जिंकली. १९२१ साली याच मार्गावर उताराच्या दिशेने विजेत्याला आठ तास एकोणसाठ मिनिटे लागली होती. १९२३ साली त्याच दिशेने न्यूटन यांनी सहा तास छप्पन्न मिनिटांत अंतर कापले. दोन वर्षांत दोन तासांची घट हा केवळ नैसर्गिक गुणवत्तेचा परिणाम म्हणता येत नाही.

त्या काळी धावपटूने फार धावू नये, धावला तर शक्ती खर्ची पडते, अशी समजूत होती. आठवड्यातून दोन-चार वेळा थोडे धावणे, भरपूर चालणे आणि मालीश एवढ्यावर सराव आटोपत असे. न्यूटन यांनी याच्या नेमके उलट केले. ते रोज धावत, पुष्कळ धावत आणि सावकाश धावत. अंतर क्रमाक्रमाने वाढवायचे, पण सरावात स्वतःशीच शर्यत लावायची नाही व थकून कोसळण्याच्या टोकाला कधी जायचे नाही, हे त्यांचे सूत्र होते. हे विचार त्यांनी पुढे पुस्तकरूपानेही मांडले. येथे वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विशीतील तरुण चुकीच्या सरावानेही काही काळ तग धरतो. चाळिशीच्या उंबरठ्यावरील शेतकऱ्याचे शरीर ती चूक लगेच दाखवून देते. न्यूटन यांची पद्धत सौम्य झाली याचे एक कारण हेही असावे.

जमिनीच्या प्रकरणात त्यांना यश आले नाही. शेत गेले, आणि १९२८ साली लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क या बक्षिसाच्या शर्यतीत उतरून त्यांनी हौशी धावपटूंचा वर्ग सोडला. दुखापतीमुळे ती शर्यत त्यांना पुरी करता आली नाही.

ऑकलंडमधील पादत्राण-कामगार

युरोपात मात्र वेगळाच प्रवाह बलवान होता. जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हेर्बर्ट राइन्डेल यांनी १९३० च्या दशकात, ठरावीक अंतर वेगाने धावून मध्ये विश्रांती घेण्याच्या खंडित सरावाला शास्त्रीय रूप दिले. एमिल झाटोपेक यांनी या प्रकारच्या सरावाला स्वतःच्या बुद्धीने वेगळे वळण दिले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळविली. या पद्धतीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिला मैदान लागते, घड्याळ लागते, आणि सामान्य मनुष्याला ती फार काळ सोसत नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील आर्थर लिडियार्ड पादत्राणांच्या कारखान्यात काम करीत. काही काळ त्यांनी रात्री दूधवाटपही केले. रग्बी खेळून आपण तंदुरुस्त आहोत असे समजणाऱ्या या गृहस्थांची एका मित्राबरोबर पाच-सहा मैल धावताना पुरती दमछाक झाली, आणि आपली अशी स्थिती आहे तर पुढे काय होईल या चिंतेने ते प्रयोगाकडे वळले. काही वर्षे त्यांनी स्वतःलाच प्रयोगवस्तू केले. कधी फार कमी धावले, कधी आठवड्याला दोनशे मैलांहूनही अधिक. आठवड्याला सुमारे शंभर मैल, बोलता येईल अशा बेताच्या गतीने, हे प्रमाण त्यांना सर्वांत फलदायी वाटले. १९५३ व १९५५ साली त्यांनी न्यूझीलंडची राष्ट्रीय मॅरेथॉन जिंकली. आसपासचे तरुण त्यांच्याभोवती जमले. नोकरी सांभाळून संध्याकाळी धावणे आणि रविवारी वाइटाकेरे डोंगररांगेतील बावीस मैलांचा फेरा, असा त्यांचा क्रम असे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे यांपैकी पीटर स्नेल यांनी आठशे मीटरमध्ये व मरे हॅलबर्ग यांनी पाच हजार मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. काही दिवसांनी बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. आठशे मीटर धावणाऱ्यालाही बावीस मैलांचा पाया लागतो, हे ऐकून तत्कालीन प्रशिक्षक चकित झाले असल्यास नवल नाही.

पदकांपेक्षाही व्यापक परिणाम दुसऱ्याच गोष्टीचा झाला. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमधील मध्यमवयीन व्यावसायिक, त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले काहीजण, लिडियार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू धावू लागले. हृदयरुग्णाने अंथरूण सोडू नये असा सल्ला दिला जाण्याचा तो काळ होता. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्या हिवाळ्यात तेथे गेले असता, सत्तरी ओलांडलेल्या अशाच एका गृहस्थाने त्यांना धावताना मागे टाकले. बॉवरमन परतले ते जॉगिंगचे पुरस्कर्ते होऊनच.

प्रयोगशाळेची साक्ष

शास्त्राची पुष्टी यानंतर मिळाली. १९६७ साली जॉन हॉलोझी यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवून दिले, की दीर्घकाळच्या धावण्याने स्नायूपेशींतील तंतुकणिका वाढतात आणि प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. स्वीडनमध्ये याच सुमारास बेर्गस्ट्रोम व हुल्टमन यांनी स्नायूंचे सूक्ष्म नमुने काढून त्यांतील ग्लायकोजेनचा साठा मोजला. हा साठा मर्यादित असतो, तो संपत आला की पाय जड होतात, आणि मॅरेथॉनमध्ये साधारणतः तीस कि.मी.च्या पुढे ही अवस्था येते. संथ गतीने धावताना चरबीचा वापर अधिक होतो व साठा पुरवून वापरला जातो. न्यूटन यांना यांतील एकही संज्ञा ठाऊक नव्हती. पद्धत मात्र पंचेचाळीस वर्षांपूर्वीच हाती आली होती.

वगळलेल्यांचा सराव

१८६६ च्या व्याख्येने कामगारांना वगळले होते. स्त्रियांना वगळण्यासाठी व्याख्येचीही गरज भासली नव्हती. १९६६ साली बोस्टन मॅरेथॉनने बॉबी गिब यांचा अर्ज, स्त्रियांना हे अंतर झेपत नाही या कारणाने फेटाळला. त्यांनी सराव परिचारिकांच्या चामडी बुटांत केला होता. झुडपांतून निघून त्या शर्यतीत शिरल्या व तीन तास एकवीस मिनिटांत पोहोचल्या. पुढील वर्षी कॅथरिन स्वित्झर यांनी नावाची आद्याक्षरे वापरून प्रवेश मिळविला. त्यांचे मार्गदर्शक सिरॅक्यूज विद्यापीठातील एक टपालवाटप करणारे कर्मचारी होते. सरावात पूर्ण अंतर धावून दाखवल्याखेरीज शर्यतीला नेणार नाही, ही त्यांची अट होती. दोघांनी मिळून एकतीस मैलांची रपेट केली. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली दिला, ऑलिंपिकने मॅरेथॉनमध्ये १९८४ साली.

भारतात चौगुले यांच्यानंतर दीर्घपल्ल्याचे धावणे प्रामुख्याने सैन्यदलाच्या आश्रयाने टिकले. शेतकऱ्याच्या मुलाला सरावाचे तास आणि पुरेसा आहार या दोन्ही गोष्टी तेथेच मिळत. शिवनाथ सिंह यांनी १९७८ साली जालंधर येथे नोंदविलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून राहिली, ती या आश्रयाची साक्ष होय. नागरी हौशी धावपटूंचा वर्ग पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमुळे १९८३ पासून व विशेषतः मुंबई मॅरेथॉनमुळे २००४ पासून दिसू लागला. बँकेतील, महाविद्यालयांतील, रुग्णालयांतील ही मंडळी पहाटे धावतात. अनवाणी धावलेल्या १९१९ च्या मुलांचा सामाजिक स्तर या गर्दीत आज कितपत आढळतो, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय ठरेल.

कॉम्रेड्स शर्यतीत अलीकडे भारतीय धावपटू मोठ्या संख्येने जातात. त्या मार्गावर दरडीत कोरलेली एक बैठक ‘आर्थर्स सीट’ या नावाने ओळखली जाते. न्यूटन तेथे विसावत असत अशी आख्यायिका आहे, आणि जाणारे-येणारे धावपटू तेथे फूल ठेवून त्यांना सुप्रभात म्हणतात. न्यूटन यांच्या विक्रमाच्याच वर्षी, १९२३ साली, फ्रान्सिस हेवर्ड या महिलेने प्रवेश नाकारला गेल्यानंतरही हे संपूर्ण अंतर पार केले होते. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटूही असेच अनधिकृतपणे धावले. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना या शर्यतीत अधिकृतपणे धावू देण्यास १९७५ साल उजाडावे लागले.