ओंबोरो फिरुमु
ओंबोरो फिरुमु हा ओसामू तेझुका यांनी दिग्दर्शित केलेला, 1985 साली प्रदर्शित झालेला जपानी विनोदी लघुपट असून तो अ‍ॅनिमेशन तंत्राने बनवलेला आहे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'जीर्ण झालेली फिल्म' असा होतो. जपानबाहेर तो ब्रोकन डाउन फिल्म या नावाने ओळखला जातो. त्याची लांबी सहा मिनिटांहून कमी आहे.

पार्श्वभूमी
तेझुका (1928–1989) हे प्रामुख्याने चित्रकथाकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या बालपणी घरी एक छोटा प्रक्षेपक होता व वडील त्यावर मिकी माऊसचे आणि चार्ली चॅप्लिनचे चित्रपट दाखवीत. 1961 साली त्यांनी मुशी प्रॉडक्शन ही संस्था स्थापन केली. तिची अ‍ॅस्ट्रो बॉय ही दूरचित्रवाणी मालिका 1963 साली सुरू झाली. वेळ आणि खर्च वाचवण्यासाठी अशा मालिकांत चित्रांची संख्या कमी ठेवावी लागे. व्यावसायिक कामात जे करता येत नसे, ते तेझुका यांनी प्रायोगिक लघुपटांत करून पाहिले. जंपिंग (1984) आणि ओंबोरो फिरुमु हे त्यांपैकी होत.

कथानक
अमेरिकेच्या जुन्या मूकपटांच्या धर्तीवरील या कथेत एक काउबॉय खलनायकाच्या तावडीतील युवतीला सोडवू पाहतो. कथा अगदी परिचित आहे. मात्र नायकाचा खरा शत्रू खलनायक नसून ज्या फिल्मवर तो चितारला आहे ती फिल्मच आहे. पडद्यावर धूळ साचते, ती नायकाला स्वतः पुसावी लागते. फिल्मची पट्टी सरकून दोन चौकटींमधील रेघ पडद्याच्या मध्यावर येते, तेव्हा त्याला त्या रेघेशीही झुंजावे लागते.

विनोदाचे स्वरूप
फिल्मची पट्टी प्रक्षेपकातून वारंवार फिरवल्याने तिच्यावर लांबीच्या दिशेने ओरखडे पडतात. पडद्यावर ते उभ्या रेघांच्या रूपाने दिसतात. जपानी भाषेत अशा रेघांना पाऊसच म्हटले जाते. दातेरी चाकांची छिद्रांवरील पकड सुटली की चित्र चौकटीबाहेर सरकते. एरवी प्रेक्षक हे दोष कथेबाहेरचे मानून त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. तेझुका यांनी त्यांनाच कथेतील पात्रांचे स्थान दिले. विशेष म्हणजे यातील कोणताही दोष काळाच्या ओघात आलेला नाही; नव्या कोऱ्या चित्रपटात तो जाणीवपूर्वक निर्माण केलेला आहे.

या विनोदामागे एक वास्तव आहे. जपानमधील आरंभीच्या अ‍ॅनिमेशनपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. जुनइची कोउची यांच्या 1917 सालच्या नामाकुरा गाताना या लघुपटाची प्रत ओसाका येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडल्याचे 2008 साली जाहीर झाले. जीर्ण फिल्म हे ओंबोरो फिरुमुमध्ये हसण्याचे निमित्त असले, तरी चित्रपटांच्या इतिहासात ती अनेक कलाकृतींची अखेरची अवस्था ठरली आहे.

पुरस्कार
हिरोशिमा आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सव प्रथम 1985 साली, अणुबाँबहल्ल्याला 40 वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी भरला. त्यात या लघुपटास सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याआधी 1984 साली जंपिंग या लघुपटाला झाग्रेब येथील महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार लाभला होता.