थेरी

‘थेरडी’ हा शब्द आपण चिडून वापरतो. म्हातारी, वर खाष्ट, असा त्याचा सूर. पण त्याचं कूळ फार थोर आहे. संस्कृत ‘स्थविर’ म्हणजे भक्कम, पक्व, वयोवृद्ध. पालीत त्याचं ‘थेर’ झालं आणि स्त्रीलिंगी ‘थेरी’. मराठीने त्याला ‘डा-डी’ जोडून त्याचा मान काढून घेतला.

बौद्ध संघात ज्येष्ठता जन्मवर्षावरून नव्हे, उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण दीक्षेच्या, वर्षांवरून मोजत. त्यामुळे थेरी ही वयाची खूण नव्हती, ते साधनेने मिळवलेलं स्थान होतं. अशा भिक्षुणींच्या 73 रचना ‘थेरीगाथा’ या पाली ग्रंथात आहेत. स्त्रियांच्या नावावरचं इतकं प्राचीन काव्य जगात दुर्मीळच.

त्यांपैकी सोमा थेरीला साधनेतून ढळवू पाहणारा मार हिणवतो, की दोन बोटांएवढ्या अकलेच्या बाईला ऋषींचं पद कसं मिळणार? ‘दोन बोटं’ का? अट्ठकथा, म्हणजे या ग्रंथावरची पाली टीका, सांगते, बायका शीत दोन बोटांत दाबून भात शिजला का ते पाहतात, म्हणून. सोमा शांतपणे उत्तर देते, की चित्त एकाग्र झालं, ज्ञान जागं झालं, तिथे बाईपणाचा संबंधच काय?

आपल्या कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांतही प्रव्रजित, म्हणजे संन्यास घेतलेल्या, स्त्रियांची दानं कोरलेली आहेत. इतक्या मानाच्या शब्दाची आपण शिवी केली. निदान ‘थेरी’ तरी आदरानेच उच्चारायला हवा.