उंदीर पडण्याआधीचं संशोधन



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. लोक आम्हाला डॉक्टर म्हणतात, पण आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. पैठणकडच्या एका खेड्यात आम्ही व्याख्यानाला गेलो होतो. तिथे एक आजी तापाने फणफणलेला नातू घेऊन पुढे आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढं बघा ना." आम्ही म्हटलं, "आजी, आम्ही त्यातले डॉक्टर नाही." तर आजी विचारते, "मग कशातले हो?" त्याचं नीट उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आलं नाही.

पण गंमत बघा. पीएच.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी. जो मुलगा पाच वर्षं जंतूंच्या मागे लागतो, त्यालाही शेवटी पदवी मिळते ती तत्त्वज्ञानाचीच. म्हणजे तो आमचाच भाऊबंद. म्हणून आज त्याच्या पोटापाण्याबद्दल बोलायचं आहे. साथीच्या रोगावर संशोधन करणाऱ्याला पैसा कोण देतं, कधी देतं आणि कधी बंद करतं? हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा आहे, आणि थोडा नीतीचाही.

सव्वाशे वर्षं मागे जाऊ. सप्टेंबर 1896. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. 1897चा साथरोग कायदा आला. पुण्यात घरझडत्या झाल्या, रँडचा वध झाला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई गेल्या. हे सगळं आपण पाठ्यपुस्तकात वाचलं. त्याच वेळी मुंबईत एका खोलीत काय चाललं होतं, ते मात्र फारसं वाचलं नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या त्या खोलीत वॉल्डेमार हाफकिन नावाचा माणूस काम करत होता. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, बस्स. ऑक्टोबर 1896 मध्ये त्याने काम सुरू केलं आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असं नोंदवलेलं आहे. तुरुंगातली स्वेच्छा किती खरी असते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पुष्कळ वर्षं विचारत आलो. आज तो बाजूला ठेवू.

आज विचारायचं ते वेगळंच. हा हाफकिन मुंबईपर्यंत पोचला कसा? तो ओडेसाचा ज्यू. मेचनिकॉफसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचा विद्यार्थी. पण तिथल्या विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदलावा लागत होता. त्याने नकार दिला. पुढे 1889 मध्ये तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तर तिथे जागा कोणती मिळाली? साहाय्यक ग्रंथपालाची! दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. 1892 मध्ये पटकीची लस त्याने तिथेच तयार केली. पटकी आणि प्लेग, दोन रोगांवर लस काढणारा माणूस सुरुवातीला ग्रंथपालाच्या पगारावर जगत होता. संशोधनासाठी म्हणून त्याला तेव्हा कोणी पैसा देत नव्हतं.

दुसरी गोष्ट निजामाच्या मुलखातली. आपलं औरंगाबादही तेव्हा त्याच मुलखात होतं, म्हणून ती आपल्याला घरची वाटायला हरकत नाही. सिकंदराबादला बेगमपेठेत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर नोकरी सांभाळून डास चिरत बसायचा. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रोग्याला तो डास चाववून घेण्याचे पैसे द्यायचा. एका डासाला एक आणा. दहा डास चावले, दहा आणे झाले. 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या जठरात रॉसला मलेरियाचा परजीवी सापडला. आणि सरकारने काय केलं? महिनाभरात त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली. तिथे मलेरिया नावालाच! विशेष कामगिरीवर कलकत्त्याला जायला त्याला 1898 साल उजाडावं लागलं. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हुसेन खानला दहा आणे मिळाले.

या दोन गोष्टींतून आम्ही एक खूणगाठ बांधली. साथ दारात आली की सरकारची थैली सैल होते. प्लेगच्या भीतीने हाफकिनची एक खोली वाढत गेली. 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. गव्हर्नरच्या वाड्यात जंतूंचा कारखाना! तीच पुढे 1925 मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. पण 1902 मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने 19 माणसं धनुर्वातानं दगावली, तेव्हा हाच हाफकिन निलंबित झाला. दोष गावातच बाटली उघडताना झालेल्या चुकीचा होता. तो निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. माणूस हवा तेव्हा डोक्यावर घ्यायचा आणि नको तेव्हा खाली ठेवायचा.

बरं, साथ नसतानाही संशोधनाला पैसा हवा, हे कोणाच्या लक्षात आलं की नाही? आलं. 1911 मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली. तीच 1949 मध्ये आयसीएमआर झाली. आज साथरोगांवर पीएच.डी. करणाऱ्या किती तरी मुलांना या संस्थेची अधिछात्रवृत्ती मिळते. नावातच 'फंड' होता, हे लक्षात घ्या. कोणाला तरी पटलं होतं की प्रश्न विचारणाऱ्याला जेवायलाही लागतं.

त्याचं फळ आपल्या महाराष्ट्रात दिसलं. 1952 मध्ये पुण्यात आयसीएमआर आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं. आज आपण त्याला एनआयव्ही म्हणतो. कीटक आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास, हे त्याचं काम. तेव्हा लोक म्हणाले असतील, हे कशाला? पाच वर्षांनी, 1957 मध्ये, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पिवळा ताप भारतात शिरला की काय, अशी शंका आली. पुण्याची माणसं तिथे गेली आणि थोड्याच काळात त्यांनी एक नवा विषाणू ओळखून काढला, गोचिडीतून पसरणारा. हे शक्य झालं, कारण माकडं मरण्याच्या आधीपासून ती माणसं पगारावर बसून शिकत होती.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. हे सांगताना आम्हाला आजही थोडं लाजल्यासारखं होतं.

भारतात 1966 नंतर प्लेगचा रोगी नोंदला गेला नव्हता. रोग गेला, तशी त्याच्याकडे पाहणारी माणसं आणि यंत्रणाही रोडावली. कोण पोसणार हो, न दिसणाऱ्या रोगाच्या अभ्यासकाला? आणि 28 वर्षांनी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले. जुनी माणसं 'उंदीर पडले' म्हणायची, तेव्हा त्यांना उंदीर मेल्याचं नुसतं सांगायचं नसायचं. ती प्लेगची वर्दी असायची. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे वळते. मामल्यात तेच झालं. आधी उंदीर, मग पिसवांचा त्रास, मग ताप आणि जांघेत गाठी. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिलं, उंदीर माजले, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला.

सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक शहर सोडून पळाले. परदेशांनी विमानं बंद केली. सरकारी नोंदीत मृत्यू साठाच्या आतच, पण घबराट देशभर. आणि यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही, की तो खरोखर प्लेगच होता का, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. ज्या देशाने प्लेगची लस जगाला दिली, त्या देशाला प्लेग समोर आल्यावर छातीठोकपणे ओळख पटवता येईना. आम्ही तेव्हा इथेच शिकवत होतो. वर्गातली मुलं तोंडाला रुमाल बांधून बसत, आणि आम्ही त्यांना ज्ञानमीमांसा शिकवत होतो! निश्चित ज्ञान म्हणजे काय, हे.

1957ची माकडं आणि 1994चे उंदीर शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळा निसर्गाने आधी वर्दी दिली. एकदा ती ऐकणारा माणूस खुर्चीत बसलेला होता. दुसऱ्यांदा खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. आमचं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. अधिछात्रवृत्ती म्हणजे त्या खुर्चीत शांततेच्या काळात कोणी तरी बसलेलं असावं म्हणून समाजाने केलेली तजवीज.

या शहरात शिष्यवृत्तीचं मोल वेगळं सांगायला नको. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्राच्या उसनवारीवर ते पुन्हा गेले. तीन वर्षं वाया गेली ती बुद्धी कमी पडली म्हणून नाही. त्याच बाबासाहेबांनी 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढलं, आपलं मिलिंद. 1958 मध्ये विद्यापीठ झालं. त्याआधी आपल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानियाचं तोंड पाहावं लागे.

आज परिस्थिती वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. आयसीएमआर, सीएसआयआर, यूजीसी, जैवतंत्रज्ञान विभाग असे पुष्कळ दरवाजे आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. जेआरएफची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून 31,000 वरून 37,000 रुपये झाली, वरच्या टप्प्यात 42,000. घरभाडं वेगळं. आमच्या वेळी एवढे पैसे स्वप्नातही नव्हते. पण कागदावरची रक्कम आणि खात्यातली रक्कम यांत अंतर असतं.

आमच्या ओळखीची एक मुलगी, गंगापूर तालुक्यातली. वडिलांची कापसाची शेती. तिचा विषय होता, क्षयाच्या जंतूंवर औषधं का चालेनाशी होतात. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. घट्ट माध्यमावर तो डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस नुसतं सांभाळायचं, आणि एखादी नळी दूषित झाली की पुन्हा पहिल्यापासून. या मुलीची अधिछात्रवृत्ती एकदा चौदा महिने अडकली. कुठल्या टेबलावर, ते आम्ही सांगत नाही. तिने संध्याकाळच्या शिकवण्या घेतल्या. घरून विचारणा व्हायची, "अजून किती दिवस शिकणार?" एकदा ती आम्हाला म्हणाली, "सर, जंतूला हप्ता थकलेला कळत नाही. त्याच्या दिवशी त्याला बघावंच लागतं." एवढं नेमकं वाक्य आम्हाला पुस्तकात सापडलं नव्हतं.

2020 मध्ये करोना आला. मार्चमध्ये पुण्याच्या एनआयव्हीने विषाणू वेगळा काढला आणि त्याच्यावर लस उभी राहिली. लोक म्हणाले, किती पटकन झालं! पटकन नाही हो. त्यामागे 1952 पासूनची सवय होती. आणि करोना ओसरल्यावर आपण पुन्हा तेच करू लागलो आहोत का, हे ज्याचं त्याने तपासावं.

अधिछात्रवृत्ती हे बक्षीस नाही, आणि भीक तर नाहीच. काही घडत नसताना लक्ष ठेवल्याची ती मजुरी आहे. शेतात राखणदार ठेवतो, तेव्हा पाखरं आली नाहीत म्हणून त्याचे पैसे आपण कापत नाही.

म्हणून एकच विनंती. शेजारपाजारचं एखादं पोर पीएच.डी. करत असेल, तर "नोकरी कधी?" हा प्रश्न जरा थांबवा. "काय बघतोयस?" असं विचारा. आणि त्याचा हप्ता थकला असेल तर कोणाच्या तरी कानावर घाला. ती आजी पुन्हा भेटली तर आम्ही सांगू, "आजी, आम्ही बरं करणारे डॉक्टर नाही. पण उंदीर पडायच्या आधी जागी राहणारी पोरं आहेत, त्यांच्या बाजूने बोलणारे आहोत."